एड्सविषयीचं शिक्षण मुलांपर्यंत पोचलं का, हे कोण तपासणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाच्या बातम्या आणि फोटो आपल्या अंकात पाहिले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, प्रत्येक ठिकाणची रॅली, लाल फीत लावलेली मुलं, हातात फलक, पुढे मुख्याध्यापक आणि आरोग्य खात्याची माणसं. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. जांबोटी-कणकुंबीकडच्या गावांतली मुलं माझ्या वर्गात असायची. रॅलीत मुलांच्या बरोबर मीही चालले आहे आणि रॅली बंद करा असं मी म्हणणार नाही. पण रॅली झाली की शाळेकडून एक अहवाल जातो. त्यात तारीख, मुलगे किती, मुली किती, पाहुणे कोण आणि दोन फोटो. त्या कागदावर मुलाला काय कळलं यासाठी एकही रकाना नसतो. वर्षभरानंतर त्या मुलाचं काय झालं, याचा तर प्रश्नच नाही. एड्सविषयी मुलांना काही सांगितलं की काम झालं असं आपण धरून चालतो, आणि सांगितलेलं पोचलं का हे बघायला कुणी जात नाही. त्यासाठी हे पत्र. लांबेल, पण कृपया पूर्ण छापावं.

आपल्या भागाला हा विषय परका नाही. १९८६ साली चेन्नईत देशातले पहिले एचआयव्हीबाधित सापडले. पुढच्या वीस वर्षांत उत्तर कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांत गरोदर बायकांच्या तपासणीत शंभरात एकीपेक्षा जास्त बाधित निघत होत्या. बेळगाव आणि बागलकोट ही नावं त्या काळी आरोग्य खात्याच्या बैठकांत सारखी निघायची. पुण्याहून बंगळूरला जाणारा हमरस्ता निपाणी-संकेश्वर-बेळगाववरून जातो, त्यावरचे ट्रक, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीला मुली सोडण्याची चाल, कामासाठी गोव्याला आणि मुंबईला जाणारे आमच्याकडचे पुरुष, या सगळ्याचा त्यात वाटा होता. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ साली कायदा केला, तरी त्या घरांतल्या मुली पुढे बराच काळ भोगत राहिल्या. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, औषधं फुकट मिळू लागली, तपासणी केंद्रं उघडली, गटागटांत काम झालं आणि रोग उतरला. आज देशात प्रौढांमध्ये हजारी दोन असं प्रमाण सांगतात. तरीही ती माणसं पंचवीस लाखांच्या घरात आहेत, आणि सर्वांत मोठा आकडा असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही येतात. म्हणजे आपण सीमेच्या अलीकडे मोजले गेलो काय किंवा पलीकडे काय, विषय आपलाच आहे.

मुलांच्या मनात काय असतं ते मला प्रश्नपेटीतून कळलं. खडूच्या रिकाम्या खोक्याला फट पाडून मी ती वर्गात ठेवत असे. नाव लिहायचं नाही, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हवं तर डाव्या हाताने लिहायचं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या खोक्यात भरपूर निघायच्या. डास चावल्यावर होतो का, हा प्रश्न दरवर्षी. सलूनमधल्या वस्तऱ्याने? जत्रेत हातावर नाव गोंदवून घेतलं तर? रक्तदान केलं तर? शेजारच्या काकूंना तो आजार आहे, त्यांच्या घरचं पाणी प्यायचं का? एका चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘लग्नाच्या आधी मुलाची तपासणी मागितली तर लोक काय म्हणतील?’ आणि एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे: ‘बाबा गोव्याला असतात, गणपतीला येतात. आईने काय करावं?’

एकाही पोस्टरवर या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला कधी सापडलं नाही. पोस्टरवर असतं ‘संयम पाळा’, ‘एकनिष्ठ राहा’. ती बाई एकनिष्ठच आहे. तिला कळायला हवं ते असं की तालुका दवाखान्यातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीच्या, केंद्रात तपासणी मोफत होते, तिचं नाव बाहेर जात नाही, नवऱ्यालाही बरोबर नेता येतं आणि निरोध मागणं म्हणजे नवऱ्यावर आळ घेणं नव्हे. तिला लागण झालेलीच असेल तर औषध नियमित घेतल्यावर ती धडधाकट राहू शकते. गरोदरपणात औषधं न घेतल्यास बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत असतो, वेळेवर उपचार घेतले तर तो पाचाच्या खाली येतो. हे ऐकल्यावर वर्गातल्या मुलींचे चेहरे बदलायचे. भीतीपेक्षा उपयोगी माहिती त्यांना हवी होती.

पण ही माहिती द्यायची कुणी? २००५ साली केंद्राने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला, आणि २००७ मध्ये पुस्तकातल्या चित्रांवरून एवढा गहजब झाला की महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने तो थांबवला. त्या वर्षी शाळेच्या कपाटात ठेवलेली पुस्तिका बाहेर काढायला कुणी धजत नव्हतं. आता दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, त्यात निरोध आहे, लैंगिक संबंधातून पसरणारे आजार आहेत, एचआयव्हीचं नावही आहे. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला, त्यावर प्रश्न येतो. तरीही कितीतरी शाळांत तो धडा आला की मुलींना बाहेर पाठवतात, किंवा ‘घरी वाचून या’ सांगून पुढच्या धड्याकडे वळतात. मी शिक्षकांना दोष देत नाही. त्यांना कुणी हे कसं शिकवायचं दाखवलंच नाही, आणि गावात एखादा पालक तक्रार घेऊन आला तर पाठीशी कुणी उभं राहत नाही. पण धडा शिकवला गेला की नाही हे कुठल्याच तपासणीत कळत नाही, कारण तपासणी अधिकारी पाठ टाचण बघतात. टाचणात धडा पूर्ण झालेला असतो.

पालकांची भीती मला माहीत आहे. असं काही शिकवलं की मुलं बिघडतील. ही भीती खोटी म्हणून झटकून टाकू नये, तिला उत्तर द्यावं. ते उत्तर जगाने शोधून ठेवलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली विकसनशील देशांतल्या शाळांमधल्या २२ उपक्रमांची छाननी करून घेतली. मुलांचे शरीरसंबंध वाढले असं त्यांतल्या एकाच उपक्रमात दिसलं, आणि तोही ठरलेल्या अभ्यासक्रमावर आधारलेला नव्हता. काही ठिकाणी तर मुलांनी उलट उशीर केला. मी पालक सभेत हे सांगत असे आणि चहा पिताना मागून दोघी-तिघी आया येऊन विचारत, ‘बाई, आमच्या पोरीला नीट सांगा हो, आम्हाला सांगता येत नाही.’

आता मूळ मुद्दा. मुलाला उत्तरं पाठ आहेत म्हणजे ते आजारापासून वाचलं, असं नाही. हे कळायला जगाला बरीच वर्षं आणि बराच पैसा खर्च करावा लागला. टांझानियात म्वान्झा भागात १९९९ पासून वीस वस्त्यांमध्ये मोठा प्रयोग झाला. अर्ध्या वस्त्यांमधल्या शाळांत शिक्षक आणि मोठी मुलं मिळून धडे देत, तिथल्या दवाखान्यातल्या लोकांनाही तरुणांशी बोलायचं प्रशिक्षण दिलं. उरलेल्या अर्ध्या वस्त्यांत नाही. तीन वर्षांनी मुलांना विचारलं तेव्हा धडे मिळालेल्यांचं ज्ञान वाढलेलं होतं, आम्ही काळजी घेतो असंही बरेच सांगत होते. मग त्याच मुलांचं रक्त तपासलं. एचआयव्ही असो की नागीणीच्या जातीचा लैंगिक आजार, दोन्हीकडच्या मुलांत ठळक फरक निघाला नाही. मुलींच्या गरोदरपणातही नाही. आणखी काही वर्षांनी, २००७-०८ मध्ये, पुन्हा तपासलं तेव्हाही नाही. झिंबाब्वेतल्या तीस वस्त्यांत तसंच झालं. २०१६ साली कॉक्रेन या संस्थेने असे आठ प्रयोग एकत्र मांडले, त्यांत ५५ हजारांवर विद्यार्थी होते. केवळ धडे देऊन एचआयव्ही, इतर लैंगिक आजार किंवा गरोदरपण कमी झाल्याचं त्यांना दाखवता आलं नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग शिकवायचंच कशाला. मी तसं अजिबात म्हणत नाही. मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक, मुलाच्या तोंडचं उत्तर आणि त्याचं जगणं यांत मोठं अंतर असतं, म्हणून उत्तरपत्रिकेवर विसंबून राहू नये. दुसरं, त्या देशांतल्या लोकांनी आपलं काम चाललं नाही हे स्वतः तपासून, जाहीर छापून सांगितलं. आपल्या जिल्ह्यात एड्सविषयीचा कुठलाही शालेय उपक्रम फसला असं लिहिलेला अहवाल मी पाहिलेला नाही. सगळे यशस्वी.

ज्ञान आणि वागणं यांतलं अंतर मला एका वर्गात डोळ्यांनी बघायला मिळालं. शाळा कुठली ते सांगणार नाही. त्या वर्गातल्या मुलांनी एड्सवरच्या प्रश्नमंजूषेत तालुक्यात बक्षीस आणलं होतं. ताट-वाटीतून पसरतो का? नाही. शेजारी बसल्याने? नाही. हस्तांदोलनाने? नाही. सगळी उत्तरं बरोबर. त्याच वर्षी मामाकडे राहायला आलेला एक मुलगा वर्गात दाखल झाला. आई-वडील दोघंही गेलेले. तो रोज ठरलेल्या वेळेला गोळी घ्यायचा. कुणाकडून तरी गावात बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर तो एकटाच होता. बक्षीस आणणाऱ्या मुलांनी डबे उचलून दुसऱ्या रांगेत नेले होते. आठवड्याभरात काही पालक आले, त्याला वेगळं बसवा म्हणाले. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या आजारामुळे कुणाला शिक्षण नाकारता येत नाही, कुणाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय फोडता येत नाही, संमतीशिवाय तपासणीही करता येत नाही. मी कायद्याची प्रत काढून पालकांसमोर वाचली. मुलगा शाळेत राहिला. त्याच्या बाकावर पहिल्यांदा जाऊन बसली ती एक मुलगी, जिने प्रश्नमंजूषेत भागच घेतला नव्हता. ती का गेली, असं मी तिला नंतर विचारलं. तिच्या मावशीला तोच आजार होता आणि मावशीच तिला लहानपणापासून जेवू घालायची.

म्हणून मोजायचंच असेल तर ‘शेजारी बसल्याने पसरतो का’ एवढं विचारून थांबू नये. ‘तू त्याच्या शेजारी बसशील का, त्याच्या डब्यातली भाकरी खाशील का, तुझ्या घरच्यांना चालेल का’ हेही विचारावं. दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांत किती फरक पडतो ते बघावं. तो फरक हाच शिक्षकाला पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम.

आणि हे फक्त मुलांचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या लोकांना एचआयव्हीविषयी मोजके साधे प्रश्न विचारले होते. निरोध नेहमी वापरला आणि एकाच निरोगी जोडीदाराशी संबंध ठेवला तर धोका कमी होतो का, दिसायला धडधाकट माणसाला तो असू शकतो का, आणि दोन गैरसमज. सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्या स्त्रिया देशात सुमारे २२ टक्के निघाल्या, पुरुष सुमारे ३१ टक्के. त्यांतल्या तरुण पिढीने शाळेत असताना एड्स दिन साजरा केलेला असणार.

केनियातलं एक काम मला सर्वांत जवळचं वाटतं, कारण तिथली परिस्थिती वाचताना मला आपलाच पश्चिम भाग आठवत होता. २००३ पासून पश्चिम केनियातल्या ३२८ प्राथमिक शाळांत चिठ्ठ्या टाकून गट केले. काही शाळांत शिक्षकांना एड्सचा सरकारी अभ्यासक्रम शिकवायचं प्रशिक्षण दिलं. त्यात भर होता लग्नापर्यंत संयमावर. काही शाळांत मुलांना निरोधाविषयी वादविवाद करायला आणि निबंध लिहायला सांगितलं. काही शाळांत फक्त गणवेश मोफत दिले, एड्सविषयी वेगळं काहीच नाही. दोन वर्षांनी पाहिलं. शिक्षक प्रशिक्षणाने मुलींच्या गरोदरपणात फारसा फरक पडला नव्हता, एवढंच की गरोदर राहिलेल्या मुली लग्न झालेल्या असण्याचं प्रमाण वाढलं होतं. वादविवाद केलेली मुलं निरोध वापरल्याचं जास्त सांगत होती, आणि संबंध मात्र वाढले नव्हते. आणि गणवेश मिळालेल्या शाळांत मुलींची गळती कमी झाली, अल्पवयातली लग्नं आणि बाळंतपणंही कमी झाली.

त्याच शाळांपैकी ७१ शाळांत आठवीच्या वर्गाला जाऊन चाळीस मिनिटं एकच गोष्ट सांगितली गेली: तुमच्या वयाच्या मुलांपेक्षा वयाने खूप मोठ्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. त्यांच्या जवळच्या शहरातले वयवार आकडे फळ्यावर लिहून दाखवले. वर्षभरात त्या मुलींमधलं गरोदरपण २८ टक्क्यांनी घटलं. चाळीस मिनिटं आणि एक फळा.

आता आपल्याकडे बघा. कणकुंबीच्या बाजूला, भीमगडच्या जंगलालगतच्या वस्त्यांत सातवीपर्यंत गावात शाळा. आठवीला दुसऱ्या गावात जायचं. पावसाळ्यात तिथे ओढे दुथडी भरतात, अंधार लवकर पडतो. ‘शक्ती’ योजनेमुळे २०२३ पासून बायकांना बस फुकट आहे, ते चांगलंच झालं, पण त्या वस्तीत बसच येत नसेल तर फुकट तिकिटाने काय करायचं? आठवीच्या मुलामुलींना सरकार सायकली द्यायचं, त्या मधल्या काळात थांबल्या. मुलगी घरी बसली की दोन वर्षांत तिच्यासाठी स्थळ येतं. मुलगा बहुतेक वेळा गोव्यात किंवा पुण्यात कामाला, वयाने आठ-दहा वर्षांनी मोठा. त्याच्या आधीच्या आयुष्याविषयी कुणी विचारत नाही, विचारणं वाईट समजतात. आपल्या भागात लागण झालेल्या कितीतरी बायकांना ती नवऱ्याकडून झाली, हे एआरटी केंद्राच्या बाकावर बसलेल्या बायकांकडे बघून कुणालाही कळेल. मग ‘लग्नापर्यंत संयम’ हा संदेश त्या सोळा वर्षांच्या मुलीला कुठे पोचवतो? तिच्यासाठी लग्न हीच धोक्याची पहिली पायरी असू शकते.

म्हणून मी आग्रहाने सांगते की आठवीत दाखल झालेल्या मुलींपैकी दहावीच्या परीक्षेला किती बसल्या, हा एड्स प्रतिबंधाचाही आकडा आहे. तो काढायला एक रुपया लागत नाही. प्रत्येक मुलाची नोंद राज्याच्या ‘सॅट्स’ प्रणालीत आहेच. शाळेच्या जागतिक एड्स दिनाच्या अहवालात हा आकडा पहिला लिहावा, रॅलीतली उपस्थिती खाली कुठेतरी.

रक्त तपासून मोजायचं का, असं मला एका तरुण शिक्षकाने विचारलं. मी नको म्हणते. टांझानियातल्यासारखा प्रादुर्भाव आपल्याकडे नाही. हजारी दोन असताना एका शाळेतल्या, एका तालुक्यातल्या मुलांच्या रक्तातून काही सिद्ध होणार नाही, आणि शाळेत कुणाचं रक्त घेतलं की गावात कुजबुज सुरू होईल. आपण मोजावं ते याच्या अलीकडचं. वर्गात धडा खरंच घेतला का, हे टाचणाऐवजी मुलांना विचारावं. बिननावाच्या चिठ्ठीवर, शिक्षक वर्गाबाहेर असताना. शिकवण्याआधी एकदा, महिन्याने एकदा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा एकदा. तिसरी चिठ्ठी महत्त्वाची, कारण घोकलेलं तोवर पुसलेलं असतं. त्यात जवळचं तपासणी केंद्र कुठे आहे, १०९७ हा फुकट फोन कशासाठी आहे, कुणावर जबरदस्ती झाली किंवा वापरलेली सुई टोचली तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन औषध सुरू करायचं असतं हे माहीत आहे का, असे कामाचे प्रश्न असावेत. आणि हा प्रश्न हमखास असावा: तुला या विषयातलं काही विचारायचं असेल तर तू कुणाकडे जाशील? माझ्या वर्गात याचं सर्वांत जास्त आलेलं उत्तर ‘मोबाइल’ होतं. ‘आई’ फार थोड्या मुली लिहायच्या. ‘शिक्षक’ लिहिणारी मुलं वर्षाअखेरीला वाढली तर शिकवणं पोचलं असं मी समजत असे.

आपल्या महसुली जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. दोन्ही उपसंचालकांनी ठरवलं तर केनियात केलं तसं इथेही करता येईल. तयारी असलेल्या शाळांची यादी करावी आणि चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांत येत्या जूनपासून नीट आखलेले तास सुरू करावेत, उरलेल्या निम्म्यांत पुढच्या जूनपासून. कुणालाच वंचित ठेवायचं नाही, फक्त वर्षभर थांबायचं. मधल्या वर्षात दोन्हीकडच्या मुलांच्या चिठ्ठ्या सारख्याच प्रश्नांच्या असाव्यात आणि त्या त्या शाळेच्या माणसांनी न तपासता दुसऱ्या तालुक्यातल्यांनी तपासाव्यात. राणी चन्नम्मा विद्यापीठातले समाजशास्त्राचे विद्यार्थी, वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी हे काम आनंदाने करतील. चिठ्ठ्या टाकण्याचा आग्रह अशासाठी की आपण शाळा निवडून घेतल्या तर चांगल्या मुख्याध्यापकांच्याच शाळा निवडल्या जातात, आणि मग फरक तासांनी पडला की त्या मुख्याध्यापकांमुळे, हे कळत नाही.

मराठी आणि उर्दू शाळांचं एक वेगळं दुखणं आहे, ते इथे सांगायला हवं. पाठ्यपुस्तकं मराठीत मिळतात. पण आरोग्य खात्याकडून येणारी पोस्टरं, पत्रकं आणि येणारे समुपदेशक बहुतेक कन्नडमध्ये बोलतात. आमची मुलं कन्नड शिकतात, बाजारात बोलतात, परीक्षेत पास होतात. पण शरीराविषयी, लाजेविषयी विचारायचं असतं तेव्हा कुठलंही मूल घरच्याच भाषेत विचारतं, किंवा विचारतच नाही. समुपदेशक गेल्यावर मुली माझ्याकडे येऊन तोच प्रश्न मराठीत विचारायच्या. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचं व्हायचं ते तिथे होईल. मला त्याच्याशी या पत्रात काही देणंघेणं नाही. कन्नड शाळेतल्या मुलीला कन्नडमध्ये, मराठी शाळेतल्या मुलीला मराठीत, उर्दू शाळेतल्या मुलीला उर्दूत सांगणारी बाई मिळावी, एवढंच मागते. आशा कार्यकर्त्या गावातल्याच असतात, त्यांना तयार केलं तरी पुष्कळ होईल.

मुलग्यांकडेही लक्ष द्या. हे सगळं मुलींनाच सांगून भागत नाही. दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न केप भागातल्या सत्तर गावांत एक प्रयोग झाला होता, त्यात मुलगे आणि मुली दोघांना बसवून नात्यांविषयी, मारहाणीविषयी, दारूविषयी आठवड्यांमागून आठवडे बोलतं केलं. एचआयव्हीवर ठळक परिणाम दिसला नाही, पण नागीणीच्या जातीचा लैंगिक आजार सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला आणि मुलग्यांनी जोडीदाराला मारणं कमी केल्याचं सांगितलं. आमच्याकडे मुलग्यांच्या वर्गात हा विषय काढला की हशा पिकतो. तो पिकू द्यावा, दहा मिनिटांत संपतो. त्यानंतर जे प्रश्न येतात ते ऐकायला शिक्षक तिथे थांबलेला असावा. दहावी झाल्यावर यांतलेच काही मुलगे गोव्याच्या बेकरीत, हॉटेलात, बांधकामावर जाणार आहेत. त्यांना वर्गात सांगायची ती शेवटची वेळ असते.

तुमच्या वर्तमानपत्राकडे एक मागणं आहे. पुढच्या १ डिसेंबरला रॅलीच्या बातमीबरोबर प्रत्येक शाळेला तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं छापावीत: धडा वर्गात झाला असं किती मुलांनी लिहिलं, जवळचं तपासणी केंद्र किती मुलांना सांगता आलं आणि आठवीतल्या किती मुली दहावीपर्यंत पोचल्या. मी वर्गात वापरत असे त्या चिठ्ठीचे प्रश्न या पत्रासोबत वेगळ्या कागदावर पाठवले आहेत. जागा असेल तर छापा. नसेल तर ज्या मुख्याध्यापकांना हवे असतील त्यांनी तुमच्या कार्यालयातून झेरॉक्स न्यावी. शाळा जूनमध्ये सुरू होतात, तेव्हा शिक्षकांचं प्रशिक्षण मे महिन्यात व्हायला हवं आणि त्याचं परिपत्रक मार्चच्या आत निघायला हवं.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव

(विद्यार्थ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव आणि गाव छापू नये, ही विनंती.)